अमोल वस्तूंचीं इंग्रजी नांवें

आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेंत एकदां एका विद्यार्थ्याचें फाउंटन पेन हरवलें. पेन साधेंच होतें. त्याचें टोपण मूळचें नव्हतें, आणि दांडीस चीर गेल्यामुळें तिच्याभोंवतीं दोरा गुंडाळलेला होता. मुलांनीं बाकांखालीं पाहिलें, पटांगण धुंडाळलें, शिपायाकडे चौकशी केली; परंतु पेन मिळालें नाहीं. तेव्हां वर्गांतील चार-पांच मुलांनीं खाऊच्या पैशांतून वर्गणी काढून त्यास दुसरें पेन आणून दिलें. नवें पेन जुन्यापेक्षां सर्व बाबतींत चांगलें होतें. मुलानें तें घेतलें, सोबत्यांचे मनापासून आभार मानले, आणि त्याच दिवसापासून तो त्या पेनानें लिहूंही लागला. तथापि पुढें कित्येक दिवस मधल्या सुटींत तो पटांगणाच्या कडेनें खालीं पाहत चालतांना दिसे. हरवलेलें पेन त्याच्या वडिलांचें होतें, आणि वडील दोन वर्षांपूर्वीं वारले होते.

त्या महिन्यांत इंग्रजी निबंधासाठीं 'हरवलेली वस्तु' हाच विषय दिलेला होता. या मुलाची वही हातीं घेतली तेव्हां पहिल्याच वाक्यांत तीन शब्द खोडलेले दिसले. प्रथम त्यानें 'कॉस्टली' असें लिहिलें होतें. तें खोडून 'व्हॅल्युएबल' लिहिलें. तेंही खोडून 'इन्व्हॅल्युएबल' लिहिलें, आणि त्यावरही रेघ ओढली. पुढची जागा मोकळीच होती. मीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "सर, पेन महाग नव्हतें, म्हणून पहिला शब्द खोडला. दुसऱ्याचाही अर्थ किंमतीचाच आहे. आणि तिसऱ्याच्या आरंभीं 'इन' आहे, म्हणजे 'नाहीं'. तेव्हां त्याचा अर्थ कुचकामी असा होईल. माझें पेन कुचकामी नव्हतें."

मीं त्यास कोश पाहावयास सांगितलें. मोल्स्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं, आणि कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून मराठी विद्यार्थ्यांस कोशांचा मोठा आधार होत आला आहे. परंतु कोश शब्दांस एका ओळींत बसवितो, आणि एका ओळींत बसलेले सगळे एका घरचे असतात असें नाहीं. या मुलास एकाऐवजीं सहा-सात शब्द सांपडले, आणि तो आणखीच गोंधळून परत आला. "हे सगळे एकच कां, सर?" हा त्याचा प्रश्न होता. त्या दिवशीं तास संपत आल्यामुळें मीं घाईनें जें उत्तर दिलें तें येथें सावकाश लिहीत आहें. त्याचा उपयोग इतर विद्यार्थ्यांस व्हावा, आणि त्यांच्या आईवडिलांसही तें वाचण्यासारखें वाटावें, अशी आशा आहे.

आरंभीं एक साधा भेद लक्षांत घ्यावा. शेजारणीनें आपल्या घरून मापभर तांदूळ उसने नेले आणि आठ दिवसांनीं मापभर तांदूळ परत आणून दिले, तर नेलेलेच दाणे परत कां आणले नाहींत म्हणून कोणी भांडत नाहीं. तितकेच आणि तशाच जातीचे तांदूळ आले म्हणजे झालें. उसनी दिलेली नोटही तीच परत पाहिजे असें आपण म्हणत नाहीं. अशा वस्तूंस कायद्याच्या इंग्रजींत 'फंजिबल' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशीं दुसऱ्याच्या जागीं उभें राहून त्याचें काम करणें ही कल्पना आहे. पण तीच शेजारीण लग्नास जातांना आपल्या आजीची नथ मागून घेऊन गेली, आणि परत येतांना तितक्याच वजनाची व तितक्याच मोत्यांची दुसरी नथ देऊं लागली, तर आपण ती घेणार नाहीं. सोनाराच्या तराजूंत दोन्ही नथा सारख्या भरतील. आपल्या मनांत त्या सारख्या नाहींत.

या दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंविषयीं जे इंग्रजी शब्द आहेत त्यांचाच येथें विचार करावयाचा आहे. 'हिच्या बदल्यांत दुसरी चालणार नाहीं' एवढें ते सर्वच सांगतात. पण कां चालणार नाहीं, याचें कारण प्रत्येक शब्द निराळें सांगतो. तें कारण ओळखलें कीं शब्द ओळखला.

किंमतीपासून आरंभ करूं. लॅटिन भाषेंत 'प्रेटियुम' म्हणजे मोल. या एका शब्दापासून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजींत एक मोठें कुटुंब येऊन राहिलें आहे. 'प्राइस' म्हणजे किंमत, 'प्रेशस' म्हणजे मोलवान, 'प्रेझ' म्हणजे स्तुति, 'अप्रीशिएट' म्हणजे खरें मोल जाणणें, आणि बक्षीस-समारंभांत तुम्हांस मिळतें तें 'प्राइझ', हीं सर्व त्याच घरचीं लेंकरें होत. मध्ययुगीन इंग्रजींत तर किंमत, बक्षीस आणि स्तुति या तिन्ही अर्थांस एकच शब्द चालत असे; पुढें त्याचे तीन वेगळे शब्द झाले.

आतां 'प्रेशस' म्हणजे पुष्कळ किंमतीचें, आणि 'प्राइसलेस' म्हणजे ज्याला किंमत नाहीं असें. मग हे दोन्ही शब्द गौरवाचे कसे? याचें उत्तर असें कीं, किंमत चढतां चढतां इतकी चढली कीं ती सांगावयास आंकडाच उरला नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी काव्यांत दिसूं लागतो. परंतु 'लेस' हा प्रत्यय सगळीकडे असा चमत्कार करीत नाहीं. 'वर्थलेस' आणि 'व्हॅल्युलेस' या दोन्ही शब्दांचा अर्थ कुचकामी असाच आहे. तेव्हां 'प्राइसलेस' आणि 'व्हॅल्युलेस' हे जुळे भाऊ समजून एकाच्या जागीं दुसरा घातला, तर पाहुण्यांची स्तुति करतां करतां त्यांचा अपमान व्हावयाचा. मराठी मुलास हें अवघड वाटण्याचें कारण नाहीं. 'अमोल' म्हणजे मोल नसलेलें नव्हे, तर मोलाच्या पलीकडचें, आणि 'कवडीमोल' म्हणजे मोल असूनही नसल्यासारखें, हें आपण पाळण्यापासून शिकलेलों आहों. आणखी एक सूचना: विसाव्या शतकाच्या आरंभापासून बोलण्याच्या इंग्रजींत 'प्राइसलेस' याचा 'हंसून पुरेवाट व्हावी असें' हाही अर्थ रूढ झाला आहे. एखाद्याच्या भाषणास कोणी हसत हसत तो शब्द लावला, तर ती प्रशंसाच आहे असें धरून चालूं नये.

तथापि 'प्राइसलेस' म्हटलेल्या वस्तूलाही पुष्कळदां किंमत येते. लिओनार्दो दा विंची याचें म्हणून विकलें गेलेलें 'साल्वातोर मुंदी' हें चित्र २०१७ सालीं न्यूयॉर्क येथील लिलांवांत ४५ कोटि डॉलरांहून अधिक रकमेस गेलें. म्हणजे हा शब्द अखेर बाजाराकडेच तोंड करून उभा असतो. बाजार हरला असें तो म्हणतो, पण बोलतो बाजाराविषयींच. आमच्या मुलाचें पेन बाजारांत नेलें असतें तर तें कोणी फुकटही घेतलें नसतें. तेव्हां हा शब्द त्यास लागत नाहीं.

दुसरा शब्द 'इन्व्हॅल्युएबल', ज्यावर त्या मुलानें रेघ ओढली. 'इन' म्हणजे 'न' हें त्यानें बरोबर ओळखलें. पण 'न' कोणास लागला तें पाहिलें नाहीं. येथें 'व्हॅल्यू' हें क्रियापद असून त्याचा अर्थ मोल ठरविणें असा आहे. 'एबल' म्हणजे करतां येण्याजोगें. तेव्हां सगळ्या शब्दाचा अर्थ 'ज्याचें मोल ठरवितां येत नाहीं असें' हा होतो. येथें मोलाचा नकार नाहीं, मोजण्याचा नकार आहे. आजच्या प्रचारांत हा शब्द वस्तूपेक्षां उपयोगास अधिक लागतो. मदत, सल्ला, अनुभव, सेवा यांस तो शोभतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मित्रानें समजावून दिलेलें गणित 'इन्व्हॅल्युएबल'. संग्रहालयांतील रत्नजडित मुकुट 'प्राइसलेस'. पहिल्यावांचून आपलें काम अडलें असतें. दुसऱ्यावांचून कोणाचेंच काम अडत नाहीं. पेनाविषयीं पाहतां, नवें पेन जुन्यापेक्षां चांगलें चाले. तेव्हां मुलाचें जें हरवलें तें कांहीं उपयोग नव्हे.

तिसरा शब्द 'युनीक'. लॅटिनमध्यें 'ऊनुस' म्हणजे एक, आणि 'ऊनिकुस' म्हणजे एकुलता एक. त्यावरून फ्रेंचमार्गें सुमारें १६०० च्या वेळीं हा शब्द इंग्रजींत आला. यांत किंमतीची गोष्ट नाहीं, उपयोगाची नाहीं. फक्त संख्येची आहे, आणि ती संख्या एक. म्हणूनच 'व्हेरी युनीक' किंवा 'मोअर युनीक' हे प्रयोग चांगले लेखक टाळतात; इंग्रजी शब्दप्रयोगांवरील आपल्या १९२६ सालच्या प्रसिद्ध कोशांत फौलर यांनींही असले प्रयोग सदोष ठरविले आहेत. एखादी वस्तु एकमेव असते किंवा नसते; 'अधिक अद्वितीय' असें मराठींतही म्हणतां येत नाहीं.

याच अर्थाचें एक जुनें इंग्रजी नांव 'नॉनसच' असें आहे. म्हणजे 'असें दुसरें नाहीं'. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री यानें १५३८ सालीं सरे परगण्यांत एक राजवाडा बांधावयास घेतला, त्यासाठीं एक गांव त्याच्या देवळासकट उठविलें, आणि वाड्याचें नांव 'नॉनसच' असें ठेविलें. पुढें दुसऱ्या चार्ल्सनें १६७० सालीं तो दरबारांतील एका बाईस दिला. तिनें जुगारांतील देणें भागविण्यासाठीं १६८२-८३ च्या सुमारास तो पाडून त्याचें सामान विकून टाकलें. 'असें दुसरें नाहीं' हें नांव खरेंच होतें. पण नांव खरें असल्यानें वाडा वांचला नाहीं. एकमेव वस्तूस एक मोठी भीति असते: ती गेली कीं तिचा सगळा वंशच जातो.

ही भीति किती खरी आहे हें लंडन शहरानें एका रात्रींत पाहिलें. सर रॉबर्ट कॉटन (१५७१-१६३१) या विद्याप्रेमी गृहस्थानें जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह पुढें राष्ट्राच्या मालकीचा झाला. तो ॲशबर्नहॅम हाउस या वाड्यांत ठेवलेला असतां २३ ऑक्टोबर १७३१ रोजीं तेथें आग लागली. लोकांनीं ग्रंथ खिडक्यांतून बाहेर फेंकले. डॉ. बेंटले हे पांचव्या शतकांतील ग्रीक बायबलाचें हस्तलिखित काखोटीस मारून बाहेर पडले असें सांगतात. त्या संग्रहांत 'बेओवुल्फ' या ३१८२ ओळींच्या प्राचीन इंग्रजी काव्याची एक प्रत होती. जगांत दुसरी नव्हती; आजही नाहीं. तिच्या कडा होरपळल्या, पण ती वांचली. मात्र जळक्या कडा पुढें कित्येक वर्षें झडत राहिल्या. १७८७ च्या सुमारास थोर्केलिन नांवाच्या आइसलंडी पंडितानें तिच्या दोन नकला तयार केल्या. एक स्वतः लिहिली, एक लेखकाकडून लिहवून घेतली. त्यानंतर मूळ प्रतींतून झडून गेलेलीं सुमारें २००० अक्षरें आज त्या नकलांमुळेंच वाचतां येतात. त्याच आगींत ९९१ सालच्या माल्डनच्या लढाईवरील काव्याची एकुलती एक जुनी प्रत जळून गेली. परंतु तिची नक्कल आधींच झालेली होती, आणि थॉमस हर्न यांनीं तें काव्य १७२६ सालीं, म्हणजे आगीच्या अवघीं पांच वर्षें आधीं, छापलें होतें. म्हणून प्रत गेली तरी काव्य राहिलें.

असाच एक प्रसंग आपल्या मराठी भाषेनेंही अनुभवला आहे, आणि त्याचा संबंध एका इंग्रज ग्रंथकाराशीं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. ते १५७९ सालीं गोव्यास आले आणि तेथेंच राहिले. त्यांनीं मराठीचा कसून अभ्यास करून सुमारें ११००० ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचिलें, आणि त्यांत मराठीचा गौरव करतांना तिला रत्नाची उपमा दिली. हा ग्रंथ १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें छापला गेला. पुढें त्या शतकांत आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. छापलेल्या ग्रंथाच्या प्रती पुष्कळ असतात, तेव्हां त्यास मरण नाहीं असें आपणांस वाटतें. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. भाविक कुटुंबांनीं हातानें उतरून घेतलेल्या प्रती मात्र राहिल्या, आणि त्यांच्या आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें हा ग्रंथ पुन्हां छापतां आला. जें पुष्कळ होतें तें पाहतां पाहतां एकमेव होतें, आणि जें एकमेव आहे तें कोणीतरी उतरून ठेविलें म्हणजे वांचतें, असा या दोन गोष्टींचा इत्यर्थ आहे.

आमच्या मुलाचें पेन 'युनीक' होतें काय? कारखान्यांतून तशीं हजारों निघालीं असतील. दुकानांत तें 'युनीक' नव्हतें. दांडीला चीर गेली, आणि नवें घेण्याऐवजीं वडिलांनीं तिच्यावर दोरा गुंडाळला, तेव्हां तें 'युनीक' झालें. हा शब्द त्यास लागतो. पण तो मुलाच्या मनांतलें सगळें सांगत नाहीं. वाटेंत पडलेला वेडावांकडा दगडही 'युनीक' असतो.

चौथा शब्द 'एअरलूम'. यांतील 'एअर' म्हणजे वारस. इंग्रजींत त्याच्या आरंभीं 'एच' लिहितात, पण उच्चारीत नाहींत. 'लूम' म्हणजे आज कापड विणण्याचा माग. परंतु जुन्या काळीं त्याचा अर्थ कोणतेंही हत्यार किंवा घरांतील अवजार असा होता. बापाच्या हातचें अवजार लेंकाच्या हातीं आलें, तें 'एअरलूम'. आपला 'वडिलोपार्जित' हा शब्द शेतवाडी आणि घरदार यांसही लागतो; 'एअरलूम' म्हणजे मुख्यतः हातांत घेतां येईल अशी वस्तु: घड्याळ, अंगठी, तलवार, पाळणा, घरांतला जुना धर्मग्रंथ. आपल्याकडे आजीच्या पाटल्या, पितळेचा पानाचा डबा, देव्हाऱ्यांतील मूर्ति, कीर्द लिहिण्याची दौत यांस हा शब्द शोभेल. जुन्या इंग्रजी कायद्यांत इतर जंगम मालाची वांटणी होत असे, परंतु 'एअरलूम' म्हणून ठरलेली वस्तु वाड्याबरोबर थेट वारसाकडे जाई.

या शब्दावरून एक प्रसिद्ध खटला झाला. तेव्हांच्या बर्कशर परगण्यांत प्युसी नांवाच्या घराण्याकडे एक जुनें शिंग होतें. अकराव्या शतकांतील कॅन्यूट राजानें त्या शिंगाच्या खुणेनें आपल्या पूर्वजास जमीन दिली, अशी त्या घराण्याची समजूत होती. तें शिंग दुसऱ्याच्या हातीं गेलें तेव्हां वारसानें चान्सरी न्यायालयांत दाद मागितली. १६८४ सालीं न्यायालयानें 'शिंगाची किंमत घे आणि स्वस्थ बैस' असें न म्हणतां, शिंगच मागण्याचा त्याचा हक्क मान्य केला. तें शिंग आतां लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत पाहावयास मिळतें. हेंच तत्त्व पुढें आपल्या देशांतही आलें. १८७७ सालच्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट या कायद्यांत त्याचीं उदाहरणेंच दिलेलीं होतीं: कुटुंबांतील देवाची मूर्ति परक्यानें नेली तर तिची किंमत नव्हे, मूर्तीच परत देवविली पाहिजे, तसेंच मृत चित्रकाराचें चित्र आणि दुर्मिळ चिनी फुलदाण्या. १९६३ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा झाला, तरी हें तत्त्व त्यांत राहिलें. जो कायदा बहुतेक सर्व नुकसानी रुपयांत मोजतो, तोही कांहीं वस्तूंपुढें आपला तराजू खालीं ठेवतो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पेन मात्र 'एअरलूम' झालें नव्हतें. तें वडिलांचें होतें, आजोबांचें नव्हे. या मुलानें तें आपल्या मुलास दिलें असतें तर झालें असतें. तो मान मिळण्यापूर्वींच तें हरवलें.

पांचवा शब्द 'कीपसेक'. 'कीप' म्हणजे जपून ठेवणें, आणि 'सेक' म्हणजे साठीं. देणाऱ्यासाठीं, म्हणजे त्याच्या आठवणीसाठीं, जें जपून ठेवतात तें 'कीपसेक'. येथें वस्तु कशी आहे याला महत्त्व नाहीं. ती कोणी दिली याला आहे. शाळा सोडून जाणाऱ्या मित्रानें दिलेलें बटण किंवा पुस्तकांत ठेवलेलें सुकलेलें फूलही 'कीपसेक' होऊं शकतें. गंमत अशी कीं, १८२७ च्या अखेरीपासून सुमारें तीस वर्षें लंडनमध्यें 'द कीपसेक' या नांवाचें एक वार्षिक पुस्तक नाताळच्या सुमारास निघत असे, आणि लोक तें एकमेकांस भेट देत. आमचें हें वार्षिक कोणी तितक्या प्रेमानें जपील तर संपादकांस आनंदच होईल. याच्या शेजारचा शब्द 'मेमेंटो'. तो मूळचें लॅटिन आज्ञार्थी क्रियापद आहे; त्याचा अर्थ 'आठवण ठेव' असा आहे. याचें पहिलें अक्षर 'मो' नव्हे, 'मे' आहे. कारण 'मोमेंट' म्हणजे क्षण, याच्याशीं त्याचा संबंध नाहीं.

पण वडिलांनीं तें पेन मुलास आठवण म्हणून दिलेलें नव्हतें. तें त्यांच्या मागें राहिलें होतें. मागें राहिलेलें याला इंग्रजींत 'रेलिक' असा एक शब्द आहे; लॅटिनमध्यें त्याच्या मुळाचा अर्थ 'उरलेलें' असाच आहे. परंतु तो फार भारदस्त आहे. गोव्याच्या बॉम येशू देवालयांतील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांस तो लावतात. शाळकरी मुलाच्या पेनास तो लावला तर लहान मुलानें आजोबांचा अंगरखा घातल्यासारखें दिसेल.

शेवटचा शब्द 'इर्रिप्लेसेबल', आणि माझ्या मतें सर्वांत खरा. 'प्लेस' म्हणजे जागा, 'रिप्लेस' म्हणजे त्या जागीं दुसरें ठेवणें, 'एबल' म्हणजे करतां येण्याजोगें, आणि आरंभींचा 'इर' हा आपला मघाचा 'इन'च आहे. पुढें 'आर' आल्यामुळें त्यानें आपलें रूप बदललें आहे. 'इर्रेग्युलर' या शब्दांत तेंच झालें आहे. म्हणूनच स्पेलिंगांत दोन 'आर' लिहावे लागतात, आणि 'सी' नंतरचा 'ई' गाळतां येत नाहीं; तो गेला तर 'सी'चा उच्चार 'क' होईल. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वापरांत आलेला हा शब्द वरील सर्वांपेक्षां लहान वयाचा आहे. बाकीचे शब्द वस्तूकडे पाहतात; हा तिच्या जागेकडे पाहतो. वस्तु डोळ्यांपुढें असतांना हा शब्द सहसा सुचत नाहीं. ती गेल्यावर रिकामी जागा दिसते, त्या जागीं नवें आणून ठेवतों, आणि तरीही ती रिकामीच राहते, तेव्हां हा शब्द कळतो. मराठींत यास तंतोतंत एक शब्द रूढ नाहीं. पण 'ती जागा भरून निघत नाहीं' असें आपण म्हणतों, आणि त्यांत सगळें येतें.

आतां विद्यार्थ्यांस एक विनंति. हे शब्द नाण्यांप्रमाणें आहेत. फार हात लागले कीं त्यांवरचा छाप झिजतो. जाहिरातदार साबणाच्या वडीस 'युनीक' म्हणतो, आणि दोन दिवसांच्या सहलीस 'प्राइसलेस'. असें वारंवार ऐकून कान बधिर होतात, आणि ज्या दिवशीं तो शब्द खरोखर पाहिजे असतो त्या दिवशीं तो हातांत घेतांच हलका लागतो. तेव्हां लिहितांना स्वतःस विचारावें: मी येथें किंमतीविषयीं बोलतों आहें, उपयोगाविषयीं, संख्येविषयीं, वंशाविषयीं, देणाऱ्याविषयीं, कीं रिकाम्या जागेविषयीं? उत्तर मिळालें कीं शब्दही मिळेल.

आईवडिलांसही एक विनंति आहे. आपल्या घरांत अशा वस्तु असतील. त्यांचें मोल त्यांच्या धातूंत नसून त्यांच्या हकीकतींत असतें, आणि हकीकत बहुधा घरांतील एकाच वडीलधाऱ्या माणसास ठाऊक असते. तें माणूस गेलें कीं पानाचा डबा नुसतें पितळ होतो आणि वजनावर विकला जातो. मुलांस एखाद्या संध्याकाळीं जवळ बसवून ती हकीकत सांगावी; आणि मुलांनीं ती वहींत उतरून घ्यावी. आगींत प्रत गेली तरी काव्य राहिलें, तें कोणीतरी वेळेवर लेखणी उचलली म्हणून. वस्तु एकच असते. तिची आठवण मात्र नक्कल करून वांचवितां येते.

त्या मुलाचें काय झालें, असें कोणी विचारील. पेन शेवटपर्यंत मिळालें नाहीं. मीं वरील सर्व शब्द फळ्यावर लिहून दिले, आणि त्यांतून निवड करावयास सांगितलें. त्यानें ते सगळे काळजीपूर्वक वहींत उतरून घेतले. दुसऱ्या दिवशीं निबंध आला, तेव्हां त्यांत त्यांपैकीं एकही शब्द नव्हता. मोकळ्या सोडलेल्या जागेवर त्यानें चार सोपे शब्द लिहिले होते: 'इट वॉज माय फादर्स'. तें माझ्या वडिलांचें होतें.

मीं लाल शाईचें पेन हातीं घेतलें होतें. पण त्या वाक्यांत सुधारण्यासारखें मला कांहीं आढळलें नाहीं.